वाटपाचा मांडव नको, कुटुंबांचे शिबिर हवे

३ डिसेंबरचा जागतिक अपंग दिन जवळ आला, की महाराष्ट्रातील तालुक्यातालुक्यांत एका ठरावीक साच्याचे फलक उभे राहू लागतात. मधोमध ‘मोफत कृत्रिम अवयव वाटप शिबिर’ ही ठळक अक्षरे, वर नेत्यांच्या छायाचित्रांची रांग, खाली ‘गरजूंनी लाभ घ्यावा’ हे आवाहन. दिनविशेष नसला तर कोणाचा तरी वाढदिवस असतो. वाढदिवस नसला तर निवडणूक तोंडावर आलेली असते. सत्ताधारी पक्षांनी हा उद्योग करावा यात आश्चर्य नाही. देणारा व्यासपीठावर आणि घेणारा मांडवात, ही त्यांच्या राजकारणाची रचनाच आहे. परंतु अलीकडे आपल्याही काही शाखा त्याच वाटेला लागलेल्या दिसतात, आणि शाखावृत्तांतून ‘इतक्या बांधवांना हातपाय वाटले’ अशी वाक्ये अभिमानाने छापून येऊ लागली आहेत. ती लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न तळमळीचा नाही, राजकारणाचा आहे. ज्या मुलांना जन्मतःच हात वा पाय नाही, किंवा ज्यांनी तो अपघातात गमावला, त्या मुलांशी आणि त्यांच्या आईबापांशी समाजवादी पक्षाने कोणत्या नात्याने वागावे, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर वाटपाच्या मांडवात सापडणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. येथे विरोध कृत्रिम अवयवाला नाही. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा हे कारागीर यांनी मिळून जे पाऊल घडवले, त्याचे मोल समाजवाद्यांनी तरी कमी लेखू नये. परदेशी बनावटीचे पाऊल बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी होते. हे रबराचे पाऊल घालून शेतकरी अनवाणी चालू लागला, चिखलात उतरू लागला, मांडी घालून पंगतीला बसू लागला. ‘मास्टरजी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शर्मांजवळ पदव्या नव्हत्या, हातात कसब होते. १९८१ सालचा मॅगसेसे पुरस्कार डॉक्टरांना मिळाला. कारागिराचे नाव आजही बहुतेकांना ठाऊक नसते. (श्रमाच्या इतिहासातला हा नेहमीचाच अन्याय; पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) १९७५ साली जयपुरात स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हे पाऊल असंख्य गरिबांपर्यंत विनामूल्य पोचवले, हेही निर्विवाद आहे.

परंतु प्रौढ माणसाला एकदा बसवलेला पाय काही वर्षे टिकतो, आणि मुलाला बसवलेला टिकत नाही. याचे कारण अगदी साधे आहे: मूल वाढते. उरलेल्या पायावर चढणारा जो वाटीसारखा भाग, ज्याला तंत्रज्ञ सॉकेट म्हणतात, तो मुलाच्या बाबतीत वर्षभरात, कधी त्याहूनही लवकर, घट्ट होऊन बसतो. धडधाकट पाय लांब होत जातो, कृत्रिम पाय आहे तेवढाच राहतो. मूल झुकून चालू लागते, कंबर तिरकी पडते. अपघातानंतर हाड मधूनच कापावे लागले असेल, तर वाढत्या वयात ते टोकाशी पुन्हा वाढते, कातडीला आतून टोचू लागते, आणि पुष्कळदा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणजे अशा मुलाला सज्ञान होईपर्यंत एक पाय नव्हे, दहाबारा पाय लागतात. प्रत्येक पायाबरोबर तो बसवणारा, त्यावर चालायला शिकवणारा आणि मोडला तर दुरुस्त करून देणारा माणूस लागतो. वाटपाच्या मांडवात यातले काय असते? माप घेतले जाते, प्लास्टरचा साचा काढला जातो, ठरल्या दिवशी समारंभ होतो, पाय दिला जातो, छायाचित्र निघते, आणि मांडव उतरतो. पुढच्या आठवड्यात पट्टा तुटला तर आई तो गावातल्या गटई कामगाराकडे घेऊन जाते. फोड आले तर पाय माळ्यावर जातो. आयोजकांच्या वहीत मात्र तो ‘वाटलेला’ म्हणून कायमचा नोंदवलेला असतो. वाटलेल्या पायांची संख्या सर्वांना पाठ असते. त्यांतले किती वापरात आहेत, हे विचारणारा कोणी भेटत नाही.

हाताची गोष्ट याहून उद्बोधक आहे. तीत जगातील एका मोठ्या औद्योगिक अपराधाचा संबंध येतो, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. १९५७ साली पश्चिम जर्मनीतील ग्रुनेन्थाल या कंपनीने थॅलिडोमाइड हे औषध ‘कॉन्टरगान’ या नावाने बाजारात आणले. झोपेचे अत्यंत निर्धोक औषध, अशी त्याची जाहिरात होती. गरोदर स्त्रियांनी ते मळमळीवर घेतले. १९६१ च्या नोव्हेंबरात ते मागे घेतले जाईपर्यंत जगभरात सुमारे १०,००० बालके हातापायांची व इतर अवयवांची वाढ खुंटलेल्या अवस्थेत जन्माला आली. कित्येक जन्मतःच दगावली. ब्रिटनमध्ये हे औषध विकणारी डिस्टिलर्स कंपनी मुख्यतः मद्याच्या धंद्यातली होती. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या सरकारी औषधनियंत्रण खात्यातील डॉक्टर बाईंनी कंपनीच्या दडपणाला न जुमानता परवानगी रोखून धरली. खासगी उद्योगावर सरकारी अंकुश कशाला, असे विचारणाऱ्यांना हे एकच उदाहरण पुरे आहे.

त्या मुलांसाठी जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये दाबाखालील वायूवर चालणारे कृत्रिम हात तयार करण्यात आले. त्यांवर पैसा आणि विज्ञान दोन्ही सढळपणे खर्ची पडले. मुलांनी काय केले? बहुतेकांनी ते काढून ठेवले. ते जड होते, उकडत होते, आवाज करत होते, आणि मुख्य म्हणजे त्यांना स्पर्श नव्हता. खांद्याजवळचे लहानसे हात, पायाची बोटे, हनुवटी, दात यांच्या साहाय्याने ही मुले लिहीत होती, जेवत होती, चित्रे काढत होती. ज्या मुलाला जन्मापासून हात नाही, त्याने काही ‘गमावलेले’ नसते. आपले शरीर असेच आहे, हे धरूनच त्याची बुद्धी आणि कसब वाढत असते. मग ते हात होते कोणासाठी? पाहणाऱ्यांसाठी. आपल्याकडच्या वाटपाच्या मांडवात लहान मुलाच्या मनगटावर जो न हलणारा, गुलाबी रंगाचा प्लास्टिकचा पंजा चढवला जातो, तोही बहुतेक वेळा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसाठीच असतो. मुलाला तो पंजा नको असतो. विशिष्ट कामासाठी विशिष्ट साधन त्याला हवे असू शकते: सायकलची मूठ धरण्याचे, वाद्य वाजवण्याचे, पुढे कधी यंत्रावर काम करण्याचे. पण ते त्याला विचारून ठरवायचे असते, आणि मांडवात विचारायला वेळ नसतो.

याच इतिहासाचा दुसरा धडा आईबापांनी घालून दिला. ब्रिटनमधल्या पालकांनी १९६२ सालीच आपली संघटना उभी केली. दहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून हाती फारसे लागले नव्हते. १९७२ मध्ये हॅरॉल्ड इव्हान्स संपादक असलेल्या ‘संडे टाइम्स’ने मोहीम उघडली, आणि त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला मजूर पक्षाचे खासदार जॅक अ‍ॅशली यांनी हा प्रश्न पार्लमेंटात धसास लावला. अ‍ॅशली स्वतः पूर्ण बहिरे होते, हे मुद्दाम नमूद करण्यासारखे आहे. १९७३ साली कंपनीला सुमारे २ कोटी पौंडांची भरपाई मान्य करावी लागली. जर्मनीत मे १९६८ मध्ये सुरू झालेला खटला डिसेंबर १९७० मध्ये निकालाविनाच मिटला. कंपनीने १० कोटी मार्क देऊ केले. तिच्या तोंडून क्षमायाचनेचा शब्द निघायला मात्र २०१२ साल उजाडावे लागले. यातले काहीही कंपनीच्या सद्बुद्धीतून आले नाही. वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या गावांत एकेकटे बसून रडणारे आईबाप एकत्र आले, म्हणून आले.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. कामगाराला कारखाना एकत्र आणतो. इच्छा असो वा नसो, हजार माणसे एकाच भोंग्याला एकाच दारातून आत जातात. दलित मूल दलित वस्तीत जन्मते. अन्यायाबरोबर अन्याय सोसणाऱ्यांची सोबत आणि बंडाची परंपराही त्याला वारशाने मिळते. एका हाताचे मूल मात्र बहुतेक वेळा अशा घरात जन्मते, जेथे त्याच्यासारखे दुसरे कोणीच नाही. आईसारखे नाही, बापासारखे नाही, भावंडांसारखे नाही. बहुधा साऱ्या गावातही नाही. त्याला भोंगा नाही, वस्ती नाही. त्याच्या आईने असे दुसरे मूल पाहिलेले नसते, आणि हाताविना वाढून नोकरी-संसार करणारे माणूस तर तिने कल्पनेतही पाहिलेले नसते. जो समूह आपोआप कधीच एकत्र येत नाही, त्याची संघटना व्हायची कशी? त्याला जाणीवपूर्वक एकत्र आणावे लागते. म्हणून या प्रश्नात कुटुंबांचे शिबिर ही सुटीतली करमणूक नाही. संघटनेची ती पहिली पायरी आहे. वाटपाचा मांडव नेमके याच्या उलट करतो. तो कुटुंबांना एका रांगेत उभे करतो, पण एकमेकांच्या पाठीकडे तोंड करून.

हे अन्यत्र लोकांनी ओळखले आहे. कॅनडात पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांनी १९१८ साली स्थापन केलेल्या ‘वॉर अ‍ॅम्प्स’ या संघटनेने १९७५ पासून मुलांसाठी कार्यक्रम सुरू केला. त्याचा गाभा म्हणजे कुटुंबांचे मेळावे. तेथे आईबाप येतात, मुले येतात, आणि या कार्यक्रमातूनच मोठी झालेली मुले धाकट्यांची मार्गदर्शक होतात. नवे मूल जन्मले, की तशाच मुलाची अनुभवी आई त्या नव्या आईला भेटावयास जाते. ब्रिटनमध्ये १९७८ साली काही पालक एकत्र आले ते मुलांना विजेवर चालणारे हात मिळावेत या मागणीसाठी. त्यातून ‘रीच’ ही संघटना उभी राहिली, आणि कुटुंबांनी दोनतीन दिवस एकत्र राहावे, ही प्रथाही तिने रुजवली. एकत्र राहणे आणि मागणी करणे या तेथे दोन वेगळ्या गोष्टी राहिल्या नाहीत.

आपल्याकडे हे शक्य नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी गेल्या मे महिन्यात मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी भरलेल्या शिबिराविषयी लिहिणे भाग आहे. प्रस्तुत लेखक तेथे कोठीघराची व्यवस्था पाहण्यास गेला होता. शाळेच्या इमारतीत वीसेक कुटुंबे दोन रात्री राहिली. आयोजक म्हणजे काही शिक्षक, एक अस्थिरोगतज्ज्ञ आणि स्वतः पालक. व्यासपीठ नव्हते, म्हणून हारही नव्हते. मुलांबरोबर भावंडे होती, एक आजी होती. आणि बाप होते, ही महत्त्वाची गोष्ट, कारण दवाखान्याच्या रांगेत एरवी एकटी आईच दिसते.

पहिल्या संध्याकाळी बायका बोलत्या झाल्या, तेव्हा एकच शब्द पुनःपुन्हा निघाला: ग्रहण. कोणी ग्रहणात विळीवर भाजी चिरली होती, कोणी सुईत दोरा ओवला होता, कोणी काहीच केले नव्हते. तरी सासूने ‘केलेच असशील’ म्हणून ठरवून टाकले होते. एकीला बाळंतपणानंतर माहेराहून परत नेलेच नव्हते. त्या डॉक्टरांनी मग शांतपणे सांगितले, की गर्भाला हातापायांचे कोंब चौथ्या आठवड्याच्या सुमारास फुटतात आणि आठव्यापर्यंत बोटेही सुटी होतात. पुष्कळ स्त्रियांना तोवर दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. कधी गर्भपिशवीच्या आतल्या पातळ पडद्याचा धागा सुटून वाढत्या हाताभोवती गुंडाळला जातो आणि पुढची वाढ खुंटते. पुष्कळदा कारण सापडतच नाही. कोणत्याही परिस्थितीत विळीचा त्याच्याशी काही संबंध नाही. एखाद्या व्याख्यानात हेच सांगितले असते तर बायकांनी माना डोलावल्या असत्या आणि त्या घरी गेल्या असत्या. येथे प्रत्येकीसमोर ग्रहण न पाळल्याचा ठपका असलेल्या दहाजणी बसल्या होत्या. सगळ्यांच्याच हातून एकच चूक कशी होईल, हा प्रश्न त्यांतल्याच एका बाईने विचारला. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

एका मुलाचा हात कडबाकुट्टीत गेला होता. नसलेल्या हाताची बोटे दुखतात, असे तो सांगे. बापाने त्याला देवऋषीकडे नेऊन आणले होते. तोडलेल्या अवयवाच्या जागी वेदना भासणे ही वैद्यकशास्त्राला पूर्ण परिचित असलेली गोष्ट आहे, आणि तीवर उपचार आहेत, हे त्या कुटुंबाला तेथे प्रथमच कळले. बाजूला बसलेल्या, रेल्वेखाली पाय गमावलेल्या तरुणाने ‘मलाही होते’ एवढेच म्हटले. त्या दोन शब्दांनी जे झाले, ते शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाने केले नव्हते. (ओघाने एक सांगितले पाहिजे. मळणी यंत्रांनी शेतमजुरांचे हात तोडण्याचे प्रमाण वाढले म्हणून १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. त्यात भरपाईचीही तरतूद आहे. आपल्या शेतमजूर आघाडीच्या किती कार्यकर्त्यांना तो माहीत आहे?)

दुसऱ्या दिवशी जन्मतःच डावा पंजा नसलेल्या एका शिक्षिकेने भाकरी थापून दाखवली, मुलीची वेणी घालून दाखवली. मोठी मुले धाकट्यांना एका हाताने बुटाची नाडी कशी बांधायची ते शिकवत होती. ती युक्ती कोणत्याही डॉक्टरला ठाऊक नव्हती. कबड्डीत कोणाला सवलत मिळाली नाही. शेवटच्या दुपारी पुरुषांच्या बैठकीत एका ऊसतोड कामगाराने साधी तक्रार मांडली. जिल्हा रुग्णालयातली तपासणीची तारीख हंगामात आली. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता सोडून यायचे कसे? तारीख हुकली, वर्ष गेले, मुलाचे प्रमाणपत्र राहिले. मग हात वर करायला सांगितले, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांजवळ प्रमाणपत्रच नसल्याचे उघड झाले. वहीचे पान फाडून तेथल्या तेथे अर्ज लिहिला गेला, आणि सह्यांखाली अंगठेही उमटले. हे राजकारण नव्हे, तर राजकारण म्हणतात कशाला?

यावर दोन आक्षेप हमखास येतील. पहिला असा, की हक्काच्या गोष्टी होईपर्यंत ज्याला आज पाय नाही त्याने खुरडत राहायचे काय? हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण महाराष्ट्राच्या समाजवाद्याने तो घ्यावा, याचे नवल वाटते. १९७२ च्या दुष्काळात लोकांना खडी फोडण्याची कामे मिळाली, ती सरकारची मेहरबानी म्हणून. आपल्या पूर्वसूरींनी ती कामे नाकारली नाहीत, पण तेवढ्यावर समाधानही मानले नाही. मागेल त्याला काम हा हक्क म्हणून मिळाला पाहिजे, यासाठी सर्व डाव्या पक्षांनी रान उठवले, आणि २६ जानेवारी १९७९ पासून रोजगार हमीचा कायदा अमलात आला. त्या काळात पक्षाच्या शाखांनी ‘आम्ही इतक्या मजुरांना इतक्या पाट्या वाटल्या’ एवढीच बातमी छापली असती, तर तो कायदा झाला नसता. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपुरात उपोषण केले, ते विठ्ठलाचा प्रसाद अस्पृश्य मानलेल्यांना देवळाबाहेर आणून वाटावा यासाठी नव्हे. देवळाचे दार उघडावे यासाठी. आज पाय द्यावा, अवश्य द्यावा. पण तो पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, आणि मूल मोठे होईपर्यंत कोण देणार, याचे उत्तर सरकारकडून वसूल न करता दिलेला पाय सरकारची जबाबदारी झाकण्याच्याच कामी येतो.

आणि हे उत्तर वसूल करण्याची साधने आपल्या हातांत आहेत. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या १७ व्या कलमान्वये, ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके आणि योग्य ती सहायक साधने विनामूल्य पुरवणे, हे शासनाचे व स्थानिक संस्थांचे काम आहे. केंद्राची सहायक साधनांची योजना १९८१ पासून आहे. एकदा साधन मिळाले की तीन वर्षे पुन्हा मागता येत नाही, हा तिचा नियम बारा वर्षांखालील मुलांसाठी एका वर्षावर आणलेला आहे. म्हणजे मूल वाढते, हे दिल्लीतल्या कारकुनालाही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते आपल्या मांडवातल्या आयोजकांना. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्चावी, असा राज्यशासनाचा आदेश आहे. आपले सदस्य असलेल्या ग्रामपंचायतींनी तरी ती कशावर खर्चली, याचा हिशेब पक्षाने मागावा. उलट, कोठे भांडायचे तेही स्पष्ट आहे. शाळा-अंगणवाड्यांतील बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरात सुरू झाला. त्याच्या मूळ यादीतील जन्मजात व्यंगांच्या नऊ नावांत वाकडे पाऊल आहे, पण जन्मतः नसलेला हात वा पाय नाही. शस्त्रक्रियेने जे सरळ करता येते ते यादीत, आणि जे आयुष्यभर सांभाळावे लागते ते यादीबाहेर, असा हा हिशेब दिसतो. आणि पुण्याचे लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचे, मुंबईत हाजीअलीची संस्था १९५५ सालची. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, तरी परभणीच्या वा गडचिरोलीच्या मुलाला सॉकेट बदलण्यासाठी स्वतःच्या जिल्ह्यात कायमची कार्यशाळा आहे काय? या अवधीत सरकारने या मुलांना दिले ते ‘दिव्यांग’ हे नाव. शब्द गोड आहे. ज्याला अंग नाही त्याचे अंग दिव्य ठरवले, की ते पुरवण्याची जबाबदारी बहुधा देवाकडे जात असावी.

दुसरा आक्षेप अधिक गमतीचा आहे. असली शिबिरे म्हणजे पाश्चात्त्यांचे मध्यमवर्गीय लाड. आपल्या गरीब माणसाला भाकरी हवी, गप्पा नकोत, असे काही साथी म्हणतील. वस्तुस्थिती उलटी आहे. शहरातला सुस्थितीतला बाप चार डॉक्टर गाठतो, पुस्तके मिळवतो, परदेशी हाताची किंमत विचारतो. ज्याला यातले काहीच शक्य नाही, त्या ऊसतोड कामगाराला दुसऱ्या तशाच बापाखेरीज ज्ञानाचे साधन कोणते? महागाईविरुद्ध १९७२ साली मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांनी लाटणी घेतलेल्या बायका रस्त्यावर आणल्या, त्या आधी चाळीच्या नळावर एकमेकींशी बोलल्या होत्या. तो नळ या आयांना नाही, आणि तो त्यांना मिळवून देणे, हे पक्षाचे काम आहे. सेवा दलाच्या शिबिरांत वाढलेल्या पिढ्यांना शिबिर म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागू नये. एकत्र राहणे, एकत्र स्वयंपाक करणे, भांडी घासणे, गाणी म्हणणे आणि त्यातून एकमेकांना बरोबरीने वागवण्याची सवय लागणे, हा त्या शब्दाचा अर्थ आपल्या चळवळीनेच महाराष्ट्राला शिकवला. तोच शब्द आपण रांग आणि वाटप यांसाठी वापरू देतो, याची खंत वाटली पाहिजे.

येत्या उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्येक जिल्ह्याच्या शाखेने असे एक शिबिर भरवणे अवघड नाही. शाळा मे महिन्यात रिकाम्या असतात. अंगणवाडीताई आणि आशाताई यांना गावातली अशी मुले नावानिशी माहीत असतात. त्यांच्या संघटनांत आपले कार्यकर्ते आहेतच. जो खर्च मांडव, ध्वनिक्षेपक आणि फलक यांवर होतो, त्यात आईबापांचे येण्याजाण्याचे भाडे निघते. मजुरी बुडते तीही भरून द्यावी, नाहीतर बाप येणार नाहीत. ऊसतोडीच्या पट्ट्यात तारीख ठरवताना हंगाम पाहावा. एखादा तंत्रज्ञ बोलावून आहेत ते पाय तपासून घ्यावेत, जे घट्ट झाले त्यांची यादी करावी, आणि ती यादी घेऊन शिबिरातल्या कुटुंबांनीच जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे. पुढाऱ्यांनी मागे चालावे. निमंत्रण कोणाला द्यायचे हा प्रश्न निघेल. आमदारसाहेबांना यायचे असेल तर त्यांनी दोन रात्री राहण्याच्या तयारीने यावे, आणि आपले ताट आपण घासावे. शाखावृत्तासाठी मजकूर पाठवताना मग वाटलेल्या हातापायांचा आकडा राहिला तरी चालेल. किती मुलांची प्रमाणपत्रे झाली, किती ग्रामपंचायतींनी ५ टक्क्यांचा हिशेब दिला आणि कोणत्या तारखेला किती सॉकेटे बदलून मिळाली, एवढे कळवावे.